डाव्या दरवाजाचा गंज

पोपडा सोलला आणि काशिनाथरावांचं बोट दरवाजाच्या पत्र्यातून आरपार गेलं.

"घ्या," ते म्हणाले. "परत तेच."

अंगणातल्या जुन्या व्हॅनचा डावा दरवाजा खालच्या कडेला पार सडला होता. दसऱ्यालाच तिथे नवा पत्रा जोडून, पुट्टी भरून रंग मारला होता. बाकीची गाडी ठणठणीत. हा एकच दरवाजा सरकारी कामासारखा संपता संपत नव्हता.

भारतीबाई ओसरीवर कच्च्या केळ्यांच्या चकत्या पाडत बसल्या होत्या. मालतीच्या दुकानात त्या वेफर करून द्यायच्या. चकत्या मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात टपाटप पडत होत्या.

"नीलेश म्हणतो तसं देऊन टाका ना ते डबडं भंगारात," त्या म्हणाल्या. "किती दिवस कवटाळून बसणार?"

"देऊ. एवढा दरवाजा होऊ दे."

"मागच्या वेळी पण हेच म्हटलं होतं तुम्ही."

काशिनाथराव उजवा हात डाव्या हाताने दाबत राहिले. राजघाटावर जाऊन तापीकडे बघत नुसतं बसावं, असं त्यांना फार वाटत होतं. पण त्यांनी पॉलिशपेपर पाण्यात भिजवला आणि पुन्हा घासायला घेतलं.

"ते मिठाचं पाणी गाडीकडे फेकू नको बरं," ते पाठमोरेच म्हणाले.

"मला काय कळत नाही का? मोरीत ओतते."

दुपारी शनवारा भागातला चुडामण डेंटर वेल्डिंगचं सामान घेऊन आला. त्याने सडलेला पत्रा कापला, नवा तुकडा जोडला आणि डोकं खाजवलं.

"काका, काय जादूचा दरवाजा आहे का हा? उजवा पाहा, टकाटक. अन् काचेखालची रबरपट्टी कुठे गेली? मागच्या टाइमाला मीच तर लावून गेलो होतो. तिथूनच पाणी आत जाऊ राहिलं ना."

"उंदरांनी खाल्ली असेल."

"दरवेळी हीच पट्टी खातात? भारी शौकीन उंदीर आहेत तुमचे. असू द्या, रविवारी नवी घेऊन येतो. ती बसली की गंजाचं काम खतम."

भारतीबाईंची सुरी मध्येच थांबली. मग त्यांनी पुढचं केळं उचललं.

पेपर मिलमधून निवृत्त होऊन काशिनाथराव नेपानगरहून बुऱ्हाणपूरला आले, आणि वर्षाच्या आत लकव्याने त्यांचा उजवा हात पडला. पुढे हातात थोडी ताकद आली, पण माणसात येईना. भिंतीकडे तोंड करून ते दिवसच्या दिवस पडून राहायचे. तेव्हा भारतीबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. सारख्या उठून नवऱ्याच्या नाकापुढे बोटं धरायच्या. मुलगा नीलेश सुरतेला. फोनवर जेवढी काळजी करता येते तेवढी तो करायचा.

अशात एका सकाळी ते व्हॅनपाशी उभे दिसले. दरवाजावर गंजाचा डाग आला होता. त्यांनी पॉलिशपेपर मागितला. घासता घासता बोटं वळायला लागली, दोन घास जास्त जायला लागले, चुडामणशी भांडण करण्याइतका आवाज फुटला. भारतीबाईंनी देवीची ओटी भरली.

या खेपेलाही ते आठवडाभर खपले. पुट्टी घासली, प्रायमर मारला, वर पांढरा रंग. शनिवारी दुपारपर्यंत दरवाजा नवा दिसायला लागला. नीलेशचा फोन आला. चांदनी गावचा विपुल नावाचा कुणी पंधरा दिवसांनी गाडी बघायला येणार होता.

"आता विकून मोकळे व्हा, बाबा," नीलेश म्हणाला.

"हो, हो," काशिनाथराव म्हणाले. जेवले, खाटेवर आडवे झाले, डोळ्यांवर हात ठेवला आणि थोड्याच वेळात घोरायला लागले.

भारतीबाई दारात उभ्या राहून घोरणं ऐकत होत्या. मागे पहिल्यांदा दरवाजा रंगून झाला तेव्हाही ते असेच आडवे झाले होते, आणि दुसऱ्या दिवशीही उठले नव्हते. तेव्हाची धास्ती भारतीबाईंच्या मनातून अजून गेली नव्हती.

त्यांनी घमेल्यातलं मिठाचं पाणी तांब्यात घेतलं. आवाज न करता अंगणात आल्या. डाव्या दरवाजाच्या काचेखालच्या फटीत त्यांनी ते सावकाश ओतलं. पाणी निघून जायची खालची भोकं केळीच्या सालीने बुजवली, म्हणजे पाणी आत राहील. विपुल येईपर्यंत नवा रंग फुगला म्हणजे झालं. माणूस उठून बसायला हवा, बाकी त्यांना काही नको होतं.

आत घोरणं चालूच होतं.

रविवारी चुडामण रबरपट्टी घेऊन आला. भारतीबाई वेफरची पिशवी घेऊन मालतीकडे गेल्या होत्या.

"चला काका, पाच मिनटात बसवतो."

"बसवू नको. दे इकडे."

काशिनाथरावांनी अवजारांचा डबा उघडला. तळाशी आधीच्या साऱ्या पट्ट्या नीट गुंडाळून ठेवलेल्या होत्या. एकीलाही उंदराचा दात लागलेला नव्हता. त्यांनी नवी पट्टीही त्यांच्यासोबत ठेवून दिली.

चुडामण बघतच राहिला. "काका! म्हणजे तुम्हीच? अन् वरून घासत बसता? काहून?"

काशिनाथरावांनी दुखरा हात दाबला आणि फाटकाकडे नजर टाकली.

"पहिल्या वेळी रंग झाला तेव्हा मी नुसता दमून झोपलो होतो रे. तिने भलतंच मनाला लावून घेतलं. आता मी दरवाजा घासताना दिसलो की रात्रभर निवांत झोपते बिचारी. तिला पाणी ओतायला जागा नको का?"