काम अडत नाही

"साहेब, तुम्हाला लाज हरायची वाटते. माणसं डांबून ठेवायची वाटत नाही."

हे दिलावर मोठ्यानं बोलला नाही. मनात बोलला. मोठ्यानं बोलणारा असता तर तो फोरमन झालाच नसता. हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून तो उभा होता आणि पुढच्या खुर्च्यांत साहेबांचं टक्कल चमकत होतं.

साहेब पुण्याचे. राहायला इथं आखातात, अबू हमूर भागातल्या व्हिलात. वर्ल्ड कपचं एक अख्खं स्टेडियम बांधायचं काम त्यांच्या गळ्यात होतं, पण झोप उडवली होती वेगळ्याच फुटबॉलनं. कन्सल्टंट कंपनीतल्या अमेरिकनांनी कंत्राटदारांची लीग काढली होती. त्यांचा फुटबॉल पायानं नाही, हातानं फेकायचा. चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडं टोकदार. लांब पळणाऱ्या गड्याच्या हातात तो नेमका टाकणारा, तो क्वार्टरबॅक. सगळा खेळ त्याच्या खांद्यावर. साहेबांच्या टीमचा क्वार्टरबॅक होता त्यांचा मेहुणा, अनय. त्यानं फेकलेला चेंडू एकदा पार्किंगमधल्या लँडक्रूझरच्या काचेवर बसला. त्या मोसमातला तोच त्याचा सगळ्यात सरळ पास. टीम अर्थातच तळाला.

यंदा नवा नियम निघाला. वर्ल्ड कप येतोय, जगाचे कॅमेरे येताहेत, तेव्हा कामगारांनाही खेळवा. फोटो बरे येतात. कंपन्यांनी आपापली माणसं रांगेत उभी करायची, टीमवाल्यांनी निवडायची. तळाच्या टीमनं सगळ्यात आधी. याला म्हणे ड्राफ्ट. दिलावरला रत्नागिरीचा बकरी ईदच्या आधीचा बाजार आठवला. इथं या हॉलमध्येही दंड चाचपत होते, पळवून बघत होते. दात तेवढे बघायचे राहिले होते.

"अहो दिलावरभाई, आपल्याकडं कोणी फेकणारा नाही का?" साहेबांनी मागच्या आठवड्यात विचारलं होतं.

होता. नसरुद्दीन. म्हसळ्याचा, स्कॅफोल्डिंगवरचा. लोखंडी क्लॅम्प दोरीला बांधूनच वर चढवायचे, असा सेफ्टीचा नियम. तसा फलकही लावलेला. पण दोरीत वेळ जातो, आणि साहेबांना घाई. म्हणून नसरुद्दीन खालून क्लॅम्प भिरकावायचा आणि वरच्या थरावरचा माणूस नुसता हात पुढं करायचा. साहेब तेवढा वेळ फलकाकडं तोंड करून उभे. जणू पहिल्यांदाच वाचताहेत.

याच नसरुद्दीनची आई गावाला अंथरुणाला खिळली होती. जायचं तर कंपनीची परवानगी हवी. ती नसेल तर विमानतळावरून माघारी. त्यानं मागितली. दिलावर केबिनमध्ये गेला आणि 'नाही' घेऊन बाहेर आला. परत मागितली, परत तेच.

"तो गेला तर वेस्ट स्टँडचं काम अडेल," साहेब म्हणाले होते.

बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात जाऊन दिलावरनं तो निरोप शब्दाला शब्द पोचवला. वर स्वतःच्या पदरचं 'इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात' जोडलं. असे निरोप पोचवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

मग हा क्वार्टरबॅकचा निरोपही त्यानंच नेला. "खेळशील का रे? एसी खोली मिळेल. दुपारची ड्युटी माफ."

नसरुद्दीन बंकवर पडून फोनकडं बघत होता. "आणि चाचा, कंपनी मला सोडणार कशी?"

"साहेबांना सगळ्यांसमोर माइकवर सांगावं लागतं, की याच्यावाचून आमचं काम अडत नाही. अमेरिकनांचा रिवाज आहे तसा. नाहीतर कंपन्या गड्याला मधेच कामावर ओढून नेतात."

"स्वतः साहेबांना?"

"स्वतः."

"मग खेळतो."

एवढ्या पटकन तो तयार होईल, असं दिलावरला वाटलं नव्हतं. एसीची ओढ लागली असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं.

आता हॉलमध्ये नसरुद्दीननं चेंडू हातात घेतला, वजन बघितलं आणि फेकला. पार दुसऱ्या टोकाला अनय पळत होता. चेंडू त्याच्या छातीशी जाऊन असा बसला, की अनयलासुद्धा तो सोडता आला नाही.

साहेब खुर्चीतून उडालेच. "हा माझा! खलास! हाच!"

रिवाजाप्रमाणे त्यांच्या हातात माइक आला. त्यांनी इंग्रजीत घडाघडा म्हटलं, की या माणसावाचून आमचं काम अजिबात अडत नाही, आम्ही त्याला खुशीनं सोडतो. टाळ्या पडल्या. कॅमेरे लखलखले. मग एका अमेरिकनानं कौतुकानं माइक नसरुद्दीनपुढं धरला.

नसरुद्दीन मराठीतच बोलला. "साहेब, मी गेलो तर वेस्ट स्टँड अडणार होतं. आता तुम्हीच म्हणता, काम अडत नाही. मग मला आईकडं कधी सोडता?"

हॉलमध्ये मराठी कळणारे मोजकेच. अनय बुटांकडं बघायला लागला.

"काय म्हणतोय तो?" अमेरिकनानं हसत विचारलं.

साहेबही हसले. "कंपनीचे आभार मानतोय बिचारा."

पुन्हा टाळ्या पडल्या. नसरुद्दीननं मागच्या भिंतीकडं पाहिलं. आजवर त्याचा प्रत्येक निरोप त्या भिंतीशी उभ्या असलेल्या माणसानं नेला होता.

दिलावर खुर्च्यांमधून पुढं आला. साहेबांनी डोळ्यांनी दटावलं. यल्ला, चल, मागं हो. तो झाला नाही. अमेरिकनाच्या हातातला माइक त्यानं आपल्याकडं ओढला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "नो, सर. आभार नाही. आई मरायला टेकलीय त्याची. तुमच्या लीगमध्ये खेळायला तो मोकळा. आईला बघायला मोकळा नाही. का, ते विचारतोय."

टाळ्या मधेच तुटल्या. दिलावरनं माइक साहेबांच्या तोंडासमोर धरला.

"हां, बोला साहेब. ह्या वेळी निरोप माझ्या हाती देऊ नका. तो समोर उभा आहे, आणि माइक चालू आहे. कधी सोडता?"