निवलेलं पाणी

“तापवलेल्यात थेंबभर कच्चं पडलं, की सगळंच कच्चं रे!”

दूध डेअरीतल्या मुकादमाचा हा आवाज चाळीस वर्षांमागचा. मुकादम गेला, डेअरीला कुलूप लागलं, पण आवाज काही निवृत्त होईना. रोज सकाळी पातेल्यातलं पाणी खळखळायला लागलं, की तो आजोबांच्या कानाशी येऊन उभाच.

आजोबा म्हणजे बाळीच्या आईचे वडील. महिन्यापूर्वी लेक पुन्हा कामावर जायला लागली, त्याच दिवशी ते या घरी राहायला आले. घर उठायच्या आत ते पाणी उकळत. घड्याळ बघत नसत. ओठांतल्या ओठांत म्हणत,

“नाच रे पाण्या, पातेल्यात नाच,
बाळीच्या पोटाला नको कसला जाच.”

तीनदा म्हणून होईपर्यंत उकळी मोडू द्यायची नाही. मग पाणी झाकून निववायचं, उकळून घेतलेल्या किटलीत भरायचं, झाकण लावायचं आणि किटली शेगडीच्या डाव्या हाताला ठेवायची.

डाव्या हातालाच. जावयाचा हात तिथंच जायचा.

जावई शिंपी. मशीन बाहेरच्या खोलीत, टेप गळ्यात, आणि पाच महिन्यांच्या लेकीची दुपारची बाटली त्याच्याकडे. हात साबणाने धुवायचा, बाटली उकळायचा, पावडर सपाट चमच्याने मोजायचा, अर्ध्या मापापर्यंत उकळतं पाणी घालायचा. कापड बेतावं तसं सगळं नेमकं. फक्त दूध पटकन कोमट व्हावं म्हणून उरलेल्या मापाला गार पाणी ओतायचा. आधी नळाचं. किटली दिसायला लागल्यापासून किटलीतलं. किटलीत कुठलं पाणी आहे, हे त्याने कधी विचारलं नाही. आजोबांनी सांगितलं नाही.

आज तो बाटली हलवत असतानाच वरच्या मजल्यावरची काकू दारात आली. जिना उतरूनच तिला दम लागला होता.

“तुमची बरी आहे ना रे? आमच्या नातवाला सलाइन लावलंय. जुलाब थांबेनात. समोरची दोन्ही पोरंही तशीच. टाकीच्या पाण्यात जंतू निघालेत, आत्ता रिपोर्ट आला. उकळल्याशिवाय एक घोटसुद्धा देऊ नका!”

आणि ती पुढच्या दाराकडे गेली.

जावयाच्या हातातली बाटली थांबली. त्याने किटलीकडे पाहिलं. मग बाटलीकडे. मग सगळं दूध मोरीत ओतून टाकलं.

“बाबा, मी गधडा आहे.”

“काय झालं?”

“महिनाभर कच्चं पाणी पाजतोय मी तिला! उकळतो काय, मोजतो काय, आणि वरून टाकीचं गार ओततो. चला, दवाखान्यात नेऊ या. आत्ताच.” त्याने गळ्यातला टेप ओढून काढला.

बाळी सतरंजीवर उताणी पडून स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती.

“बसा, जावईबापू.”

“बसा काय, बाबा!”

“किटलीतलं पाणी उकळलेलंच असतं. रोज सकाळी मी उकळून, निववून भरतो.”

जावयाला हे उमगायला वेळ लागला. “आणि मी नळाचं समजून…”

“हो.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“तुम्ही एवढ्या हौसेनं करत होता. आणि आल्या आल्या जावयाच्या कामात खोट काढली असती, तर तुमच्या सासूबाईंनी फोनवरूनच माझी शिवण उसवली असती.”

जावई हसला नाही. ओट्याला टेकून उभा राहिला. ओल्याच हाताने तोंड पुसलं. मग पुढे होऊन त्याने आजोबांचे दोन्ही हात हातात घेतले. डेअरीतल्या धुण्याच्या सोड्याने बोटांची टोकं कायमची गुळगुळीत झालेले ते हात. म्हणाला, “शिकवा मला.”

नवी बाटली दोघांनी मिळून केली. पाणी सगळंच उकळतं. झाकण घट्ट. मग बाटली गार पाण्याच्या वाडग्यात उभी.

“पाणी झाकणाच्या खालीच राहू द्या. गार बाहेर, दूध आत. घाई करायची नाही.”

“ती रडली तर?”

“रडू दे की. गळा मोकळा होतो.”

बाळी रडली. मग जावयाने मनगटावर थेंब टाकून बघितला, तिला मांडीवर घेतलं, आणि खोलीत नुसता दूध पिण्याचा आवाज राहिला. बाळीची चिमुकली बोटं बाटलीवर उघडत होती, मिटत होती.

“इमारतीतली सगळी पोरं आजारी,” जावई तिच्याकडे बघत हळूच म्हणाला, “आणि ही बघा. देवासारखे आलात तुम्ही, बाबा. तुम्ही या घरात पाय ठेवलात आणि तिच्या पोटात एक घोटही वाईट जाऊ दिला नाहीत.”

आजोबा वाडगा पुसत होते. पुसून झाला होता, तरी पुसत होते.

“गेला,” ते म्हणाले.

जावयाने वर पाहिलं.

“आलो त्याच दिवशी. तुम्ही नळाचं पाणी घातलंत तेव्हा मी दारातच उभा होतो. जावयाला कसं बोलायचं, म्हणून गप्प राहिलो. तिनं सगळी बाटली संपवली. पुढचे तीन दिवस मी तिचा एकेक लंगोट उजेडाला धरून बघत होतो. काही झालं नाही. हात जोडायचे तर तिला जोडा, जावईबापू. मला नको.”