सासूची साक्ष

"ती घरात नाही ना?" भिंगकाकांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"बाजारात गेलीय," दार उघडणारी म्हातारी म्हणाली. "तुम्ही कोण?"

त्यांनी ओळखपत्र दाखवलं. बँकांची कार्डं जिथे तयार होतात, त्या कारखान्यातून ते आले होते. तिथल्या पहारेकऱ्याच्या जागेसाठी या घरच्या सुनेने अर्ज केला होता. मुलाखत झाली, पोलिसांचा दाखलाही आला. आता घरी जाऊन माणूस कसा आहे ते बघायचं, हे काम भिंगकाकांचं. नाव त्यांचं वेगळंच; पण बारीकसारीक गोष्टी हुडकून काढतात म्हणून कारखान्यात सगळे त्यांना भिंगकाकाच म्हणत.

"सासूबाईच ना तुम्ही?"

"या वयाची बाई सुनेच्या घरात दुसरी कोण असणार?" म्हणत तिने खुर्ची पुढे सरकवली.

काकांना बरं वाटलं. अशा चौकशीत ते नवऱ्याला विचारत नसत, माहेरच्यांना तर मुळीच नाही. सासू भेटली की निम्मं काम झालं, असा त्यांचा अनुभव होता, आणि त्यांची ही रीत कारखान्याबाहेरही बऱ्याच जणांना ठाऊक होती.

शिवाय या खेपेला चूक परवडणारी नव्हती. मागचा पहारेकरी त्यांनीच पसंत केला होता. लाघवी माणूस, सगळ्यांशी हसूनखेळून. कारखान्यात शिरताना काचेची एक खोली लागते. तिच्यात एका वेळी एकानेच जायचं; मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही आणि दोन्ही दारं पहारेकऱ्याच्या हातात. एके दिवशी दोघं गप्पा मारत मारत एकत्रच आत शिरले. त्यांना मागे व्हा म्हणणं या भल्या माणसाच्या जिवावर आलं. त्यातला एक कामावरचा नव्हताच. कार्डांचा गठ्ठा घेऊन तो फाटकापाशी पकडला गेला म्हणून निभावलं. साहेब एवढंच म्हणाले होते, "काका, पुन्हा असं झालं तर तुम्हीही घरी बसा."

म्हातारी चहा करायला उठली. कपासाठी तिने दोन कपाटं उघडून पाहिली. "रोज वस्तूंच्या जागा बदलते," ती पुटपुटली.

"कशी आहे स्वभावाने?" काकांनी विषय काढला.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"दगड आहे दगड." म्हातारीने चहात साखर ढवळली. "माझा मुलगा प्रवासाहून आला. दमलेला, भिजलेला. दार वाजवलं, मी आहे म्हणाला. तर ही आतून काय म्हणते? आवाज ओळखीचा आहे, पण खिडकीसमोर या, चेहरा दिसू दे. माझ्या मुलाला पावसात उभं केलं हिने."

काकांनी मान डोलावली. स्वतःच्या नवऱ्याला दाराबाहेर ठेवणारी बाई त्यांना आजवर भेटली नव्हती. त्यांनी चहाचा घोट घेतला. तो एकदम चवदार लागला.

"शेजाऱ्यापाजाऱ्यांशी?"

"कसलं काय. शेजारणीच्या घरी एवढी भांडणं झाली, सगळं हिच्या कानांवर. मी खोदून खोदून विचारलं. चकार शब्द काढला नाही. घरातल्या माणसापासूनही लपवायचं म्हणजे काय."

"वाईटच," काका म्हणाले.

"आणि मी न्हाणीघरात घसरून पडले ते ऐका. हाका मारतेय, विव्हळतेय. ही आली, नाही असं नाही. पण आधी गॅस बंद केला, दाराची कडी लावली, मग आली. पाय मोडला असता तर?"

काकांना हसू दाबावं लागलं. एखादी बाई बेशुद्ध पडली तरी दार उघडं टाकून धावायचं नाही, हे नव्या पहारेकऱ्यांच्या गळी उतरवता उतरवता त्यांच्या नाकी नऊ येत. आणि इथे ते आयतं होतं. बिचारी म्हातारी मात्र मनातली सगळी मळमळ ओकत होती. सुनेची नोकरी घालवल्याचं समाधान मिळत असणार तिला, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या न पाहिलेल्या सुनेची कीवही आली. रोज हे ऐकून घ्यायचं म्हणजे सोपं नव्हे.

निघताना त्यांनी विचारलं, "तिने ही नोकरी करावी असं वाटतं तुम्हाला?"

म्हातारीने त्यांचा रिकामा कप उचलला.

"लागू दे बाई एकदाची कामाला," ती म्हणाली. "होतं ते दुकान बंद पडल्यापासून घरातच असते. मला बघवत नाही."

एक जिना उतरून काका थांबले. पुन्हा विचार करावा असं काही उरलंच नव्हतं. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"घ्या तिला. अशी मिळायची नाही."

"तुमच्या शब्दावर?"

"माझ्या शब्दावर."

फोन खिशात टाकून ते हातरुमालाने कपाळ पुसत होते. वरच्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडेच उघडत होती. आतून भांड्यांचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ एका तरुण बाईचा.

"गेले का गं? मी आतल्या खोलीत श्वास रोखून बसले होते. फार वाईट बोललीस माझ्याबद्दल."

"काय करणार, जिभेला नुसते काटे टोचत होते माझ्या." म्हातारीचा आवाज आता अगदी मऊ झाला होता. "पण विहीणबाईंना चार दिवस माझ्या घरी पाठवून दिलंस ते शहाणपणाचं केलंस हो. त्या इथे असत्या तर सुनेचं कौतुक करकरून त्यांनी तुझी नोकरी घालवलीच असती."