विषयतज्ज्ञ

"ऑनलाइन पीएचडी?" विषयतज्ज्ञ हसले. "म्हणजे भाजी निवडता निवडता प्रबंध! अन् गाईड तरी कसले, विद्यार्थ्याचं तोंडही न पाहणारे?"

मुलाखत घेणारे बाकीचेही हसले.

हेमांगी टेकाडे हसली नाही. अनेक वर्षं ती कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. या खेपेला कायम जागा मिळाली नाही तर शिकवणं सोडते, असं घरी बोलून बसली होती.

(विषयतज्ज्ञांचा आवाज तिनं ओळखला होता. दर गुरुवारी तो तिच्या हेडफोनमध्ये यायचा: "वाक्य सुटं करा, दळवी. पुन्हा लिहा." कॅमेरा लावला की नेट तुटायचं. फक्त व्हायव्हाला त्यांना तिचा चेहरा दिसला, तोही टपालाच्या तिकिटाएवढा. आता अर्जावर सासरचं नाव होतं.)

(सांगावं, तर सर दुखावणार. गप्प बसावं, तर पदवी बोगस ठरणार.)

"कोण होते हो मॅडम तुमचे गाईड?" प्राचार्यांनी विचारलं.

"हेच सर."

विषयतज्ज्ञांनी चष्मा वर सरकवला. "दळवी?"

"हो सर. लग्नाआधीची."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" ते प्राचार्यांकडे वळले. "हिचा प्रबंध उत्तम आहे. एकेक प्रकरण मी तीनतीनदा लिहून घेतलंय."

"मग सर, यांचंच नाव टाकू?" प्राचार्यांनी पेन उघडलं.

सरांनी तिची फाईल मिटली.

"नको," ते म्हणाले. "स्वतःच्याच विद्यार्थिनीला घेतलं, म्हणतील लोक."