वळणावरचा दिवा

घाटघरच्या रस्त्याला पहिलं वळण आलं आणि गाडी चालवणाऱ्या संपतरावांसमोरचा लाल दिवा लागला.

“लागला!” मागच्या पलंगावर बसलेला इरफान ताडकन उठला. गॅरेजात दोनदा सगळ्या वायरी तपासून झाल्या, पण या दिव्याने त्याला कधी दर्शन दिलं नव्हतं. म्हणून तर आज हा मेकॅनिक जुन्नरहून गाडीतच बसून आला होता. तो पुढे येईपर्यंत वळण संपलं आणि दिवा गुपचूप विझला.

संपतरावांनी बायकोकडे पाहिलं. “बघ. तू पुढं बसलीस की लागतो, मागं बसलीस की न्हाई. मी म्हणलं व्हतं.”

साळुबाई समोरच्या रस्त्याकडेच बघत राहिली. नवरा जन्मभर एसटीचा ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर त्याने हौसेने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्यात पलंग, शेगडी, बेसिन असं चालतंफिरतं घर थाटलं. साळुबाईला त्या घराचं फारसं अप्रूप नव्हतं. शेगडीपुढे ती घरीही उभी असायचीच. तिला हवी होती ती ही पुढची सीट. मोटारसायकलवर मागे, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, नवऱ्याच्याच एसटीत गर्दीत चेंगरून, असा तिचा आजवरचा प्रवास. समोरून उलगडत येणारा रस्ता तिने या गाडीत पहिल्यांदा पाहिला, आणि तिला तो फार आवडला होता.

“आज कारण सापडलं तर ठीक,” संपतराव म्हणाले. “न्हाईतर यापुढं तू मागंच बसायचं. ब्रेकचा दिवा हाय, खेळ न्हाई.”

साळुबाई सीटवर आणखी ठाण मांडून बसली.

दुसरं वळण आलं. दिवा पुन्हा लागला. या वेळी इरफान दोन सीटच्या मध्ये उकिडवा बसला होता. त्याने बॅटरीचा उजेड खाली वायरींवर मारला, जरा वर आणला, आणि त्याला हसूच फुटलं.

“काका, गाडीला काय बी झालेलं नाय. काकू, तुमी आपला उजवा हात बघा.”

साळुबाईने पाहिलं. वळणावर तोल जाऊ नये म्हणून तिने हँडब्रेक गच्च धरला होता. अंग कलंडलं की तो जरासा वर उचलला जात होता. तिने मूठ सोडली, दिवा विझला. पुन्हा धरून उचलला, लागला.

संपतरावांनी गाडी कडेला घेतली. “अगं, हँडब्रेक हाय तो! धरायचा दांडा हाय व्हय?”

“मग काय धरू?” साळुबाई उसळली. “तुमच्या हातात ते चाक तरी हाय. माझ्या बाजूचा धरायचा दांडा तुमीच काढला, तिथं मोबाइल अडकवायला!”

संपतरावांनी तिथं अडकवलेल्या मोबाइलकडे पाहिलं. इरफानला एकाएकी खिडकीबाहेरचा डोंगर बघावासा वाटू लागला.

“दांडा उद्या बसवून दे रे,” संपतराव त्याला म्हणाले. मग गाडी सुरू करता करता, आवाज खाली आणून बायकोला, “आजच्याला माझा खांदा धर.”

साळुबाईने पदर सारखा केला. इरफानची पाठ आहे ना, ते एकदा पाहून घेतलं. पुढच्या वळणाला तिने नुसती बोटं टेकवली. त्यापुढच्या वळणाला चांगला पंजा रोवला. वारा तोंडावर येत होता आणि तिला मनापासून बरं वाटत होतं.

घाटघर जवळ आलं. दोन्ही बाजूंना भातखाचरं लागली, रस्ता सरळ झाला.

“वळणं संपली,” संपतराव हळूच म्हणाले.

“दिसतंय मला,” हात न काढता साळुबाई म्हणाली. “पुढंच बसलीये न्हवं.”