निनाईगडाचा चोरदरवाजा

"ह्यात कायतरी खोट हाय," जोतीरामबुवा चष्मा पुसत म्हणाले.

मंगळवार पेठेतल्या दत्ताच्या देवळात, पेटी-तबल्याशेजारी निनाईगड उभा होता. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांचा. तेजस्वीनं वर्षभर दर रविवारी गडावर जाऊन पडक्या भिंती टेपनं मोजल्या होत्या. त्याच मापानं तट चढवून गड बुवांना दाखवायला आणला होता.

बुवांचा तिच्यावर विश्वास नव्हता. दरसाल दत्तजयंतीच्या कीर्तनात ते गडाच्या सहा महिन्यांच्या वेढ्याचं आख्यान लावत. आतून चोरदरवाजा उघडून ज्यानं गड घालवला, तो पहारेकरी रायाजी म्हणजे तेजस्वीचाच पूर्वज. कीर्तनाच्या दिवशी तिचे वडील हंबीरराव दुकान बंद करून घरात बसत. 'फितुराचं घर' अशीच त्या घराची ओळख. आज संध्याकाळी पुन्हा कीर्तन होतं. रायाजीचं नाव तेवढं गाळा, एवढंच तिचं मागणं होतं.

"घराण्याचा डाग पुसायला चोरदरवाजाच बुजवला असशील," म्हणत बुवा वाकले. दरवाजा जागेवर होता. अडसर ओढून पाहिला. तो रायाजीच्या चौकीतूनच निघत होता.

"म्हंजे उघडला त्यानंच!"

"व्हय बुवा. त्यानंच."

बुवा चमकले. एवढी सरळ कबुली? पोरगी काहीतरी लपवतेय. ते गडाभोवती फिरले. बुरूज मोजले. धान्याचं कोठार पाहिलं, देवीचं ठाणं पाहिलं. मग त्यांना सापडलं. सगळ्या गडात एकही निळी वीट नव्हती.

"पाण्याचं टाकं कुठाय गं? का निळ्या विटा संपल्या तुझ्या?"

"संपल्या न्हाईत." तिनं पिशवी दाखवली. निळ्या विटांनी भरलेली. "लई हुडकलं बुवा. गडावर टाकं न्हाय, हीर न्हाय. झरा हाय, पर त्यो हितं." तिनं तटाबाहेर, चोरदरवाजाखालच्या घळीत एक निळी वीट ठेवली.

"बास कर! पाण्याबिगर सा म्हैनं गड झुंजला व्हय? आत बायामाणसं, तान्ही लेकरं, जनावरं... पाणी आणलं कुठनं..."

बुवा बोलता बोलता थांबले. एकदा दरवाजाकडं पाहिलं, एकदा त्या निळ्या विटेकडं. मग गडासमोर खाली बसले.

संध्याकाळी मंडप भरला. उत्तररंगाला बुवांनी तेच आख्यान लावलं. तेजस्वी खांबाला धरून उभी होती. कर्ण्याचा आवाज पेठभर जात होता, हंबीररावांच्या बंद घरातही.

"दरवाजा रायाजीनं उघडला," बुवा म्हणाले. तेजस्वीनं मान खाली घातली.

बुवांनी हात वर केला. पेटी थांबली, तबला थांबला.

"एकदाच नव्हं, मायबाप हो. सहा महिने. रोज."