चंचीतलं बजेट

"म्हातारीसमोर खर्चाचं नको बोलत जाऊ, ते मनाले लावून घेते," असं शेजारच्या कमरजहाँभाभीनं सांगितलं, तेव्हा दिव्यानी नुसती हसली होती.

बाळाच्या आजारपणात पैसे संपल्यापासून दिव्यानीच्या तोंडी सारखं बजेट, बजेट. सासूनं, रुखमाबाईनं, एकदा विचारलंच, "हे बजेट म्हंजे काय वं?"

दिव्यानी इंग्रजी घेऊन बीए झालेली. तिनं सांगितलं, की मुळात हे लहानशा चामडी पिशवीचं नाव. पैसे, कागद त्यात ठेवायचे, म्हणून पुढे खर्चाच्या आखणीलाच बजेट म्हणू लागले. "आहे तेवढ्यात भागवायचं, आई."

"मंग हे तर मायावाली चंचीच झाली," म्हणत रुखमाबाईनं कमरेची पानसुपारीची चंची थोपटली.

दोन महिन्यांनी चामोर्शीच्या बाजारात रुखमाबाई चक्कर येऊन पडल्या. नेहमीच्या डॉक्टरांनी वाढलेलं बीपी पाहून विचारलं, "बीपीच्या गोळ्या बंद केल्या का, बाई?"

"नाई जी, रोज घेतो," म्हणत त्यांनी चंची सोडून दाखवली. "अडकित्त्यानं चार तुकडे करतो न् रोज एक खातो. महिन्याच्या गोळ्या चार महिने पुरतेत. बजेट पाहा लागते ना."

 

आता दिव्यानी भेटेल त्याला विचारते: तुमच्या घरची म्हातारी गोळी अख्खी खाते का, जरा जवळ बसून पाहाल?